रिकामे पात्र



दर महिन्याच्या सामूहिक वंदनेनंतर चहाच्या वेळी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय दादा, झालं का काही?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. मी म्हणतो, "प्रयत्न चालू आहेत." मग उत्तर येते, "प्रयत्न वाढवा. बाबासाहेबांची लेकरं आहोत आपण." त्यानंतर काय बोलावे हे दोघांनाही सुचत नाही आणि आम्ही समोशांच्या ट्रेकडे वळतो.

हा लेख लिहीत असताना माझ्या हातात नोकरी नाही. लेऑफ होऊन चौदा महिने झाले. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला या देशात जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत मला काही मिळाले नाही. पत्नीची नोकरी होती, म्हणून मी तिच्या व्हिसावर अवलंबून असलेला एच-४ झालो. तिच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया पुरेशी पुढे गेलेली असल्यामुळे, २०१५ पासून लागू असलेल्या नियमाखाली मला वर्क परमिट मिळाले. म्हणजे मी सुदैवी आहे. आपल्यापैकी काही जणांना ६० दिवसांत मुलांच्या शाळेचे दाखले घेऊन परत जावे लागले आहे. त्यांच्यापुढे माझी तक्रार लहान आहे, याची मला जाणीव आहे.

तरीही "प्रयत्न वाढवा" हे वाक्य गेले वर्षभर माझ्या डोक्यात फिरते आहे. नेमके काय वाढवायचे? किती वाढवायचे? आणि कोणती गोष्ट काही झाले तरी वाढवायची नाही? अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, म्हणजे योग्य प्रयत्न. त्यातला 'सम्यक' हा शब्द आपण वंदनेत म्हणतो आणि घरी येऊन विसरतो. म्हणून आज त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे. तुम्ही नोकरी शोधत असाल तर हे तुमच्यासाठी आहे. तुमची नोकरी पक्की असेल तर ते अधिकच तुमच्यासाठी आहे.

आधी एक गाठ सोडवू. नोकरी मिळत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

माझी आई नागपूरहून फोन करते. ती नशीब हा शब्द उच्चारत नाही. १९५६ साली दीक्षाभूमीवर गेलेल्या बापाची ती लेक आहे. पण इथल्या जुन्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला प्रेमाने ग्रहशांती सुचवली. मी हसून नको म्हटले. ते सोपे होते. अवघड होते ते दुसरेच. रात्री दोन वाजता जाग आली की माझेच मन मला म्हणे, "तू लायक असतास तर एव्हाना मिळाली असती."

हे वाक्य नीट ऐका. ते ऐकायला आधुनिक आहे, पण त्याचा सांगाडा जुना आहे. जो जिथे आहे तिथे तो आपल्या लायकीने आहे, हेच आपल्या पणजोबांना सांगितले गेले होते. तेव्हा त्याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणत, आज मेरिट म्हणतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांतावर नेमके बोट ठेवले आहे: माणसाच्या दैन्याचे खापर त्याच्याच मागच्या जन्मावर फोडले की समाज आणि शासन दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. कंपनीने एका सकाळी शेकडो माणसे कमी केली, त्या क्षेत्रातल्या जागा घटल्या, व्हिसाची भानगड नको म्हणून अनेक मालक अर्ज उघडूनच पाहत नाहीत. यातले काहीही माझ्या लायकीतून आलेले नाही. जो विचार आपण दीक्षा घेताना बाहेर टाकला, तो रात्री दोन वाजता मागच्या दाराने घरात घेऊ नका.

संयुत्त निकायात एक छोटा प्रसंग आहे. तथागत एकदा पंचसाला नावाच्या ब्राह्मणांच्या गावात भिक्षेसाठी गेले. त्या दिवशी गावात तरुण-तरुणींच्या भेटवस्तूंचा सण होता. तथागत दारोदार गेले, पण कोणी काही दिले नाही. धुऊन नेलेले पात्र जसे स्वच्छ होते तसेच ते रिकामे परत आले. सुत्तात त्याचा दोष माराला दिला आहे. तो भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्यांना आपण सम्यक संबुद्ध म्हणतो, त्यांचेही पात्र एके दिवशी रिकामे राहिले. त्या रिकाम्या पात्रावरून आपण बुद्धांची लायकी ठरवत नाही. ठरवलीच तर त्या गावाची ठरवतो, किंवा त्या दिवसाची.

आणि बाबासाहेब? कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून १९१७ साली ते परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे शिपाई फाईल दुरून फेकत. राहायला जागा मिळाली नाही. ते मुंबईला परतले. शेअर बाजाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली तेव्हा कुठे घडी बसली. आपल्या अडचणीची त्यांच्या छळाशी तुलना मी करत नाही. सांगायचे एवढेच की त्या काळात बाजाराने त्यांचे जे मोल ठरवले, ते मोल चुकीचे होते. बाजार चुकू शकतो.

आता उलट बाजू. सगळा दोष बाहेर आहे असे म्हणून हात बांधून बसलो, तर तेही धम्माला धरून नाही.

मज्झिम निकायातल्या भूमिज सुत्तात एक दृष्टान्त आहे. एका माणसाला तेल हवे आहे. तो घाण्यात वाळू घालतो, पाणी शिंपडतो आणि पिळत राहतो. त्याने मनात इच्छा धरली तरी तेल निघणार नाही आणि न धरली तरी निघणार नाही. गाईचे शिंग पिळणाऱ्याला दूध मिळत नाही, पाणी घुसळणाऱ्याला लोणी मिळत नाही. त्यांच्या कष्टात कसूर नाही, इच्छेतही नाही. जागा चुकली आहे.

हा दृष्टान्त वाचून मी माझी वही काढली. त्यात प्रत्येक अर्जाची नोंद होती. मला त्या वहीचा थोडा अभिमानही होता. चौदा महिन्यांत ४१२ अर्ज. त्यांतून २३ फोन. अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचलो ६ वेळा. मग मी पाहिले की त्या ६ पैकी ४ वेळा कोणीतरी ओळखीच्या माणसाने माझ्यासाठी शब्द टाकला होता. आणि अशा किती माणसांना मी नाव घेऊन, स्पष्टपणे मदत मागितली होती? नऊ. चौदा महिन्यांत नऊ माणसे!

बाकीचा वेळ मी वाळू पिळत होतो. रात्री बारापर्यंत बसून एकाच नमुन्याचा रेझ्युमे ठिकठिकाणी पाठवत होतो. माझे काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचे. सतरा वर्षांतली बरीचशी वर्षे मी हाताने टेस्टिंग केले आणि आता जागा निघतात त्या बहुतेक ऑटोमेशनच्या. हे मला दिसत होते. पण शिकायला बसलो तर त्या दिवशीचा अर्जांचा आकडा कमी होईल, अशी भीती वाटत असे. आकडा वाढला की प्रयत्न केल्यासारखे वाटते. तो माझा स्वतःला दिलेला धीर होता. शोध त्यात फारसा नव्हता.

अवघ्या नऊ माणसांशी का बोललो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. एक उत्तर होते लाज. दुसरे उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. या देशात भारतीय माणसाला नोकरीची खबर बहुधा भारतीय माणसाकडून कळते. त्या गप्पांत "पूर्ण नाव काय?", "मूळ गाव कुठलं?", "घरी नॉनव्हेज चालतं का?" हे प्रश्न येतात, आणि त्यांचा रोख आपल्याला कळतो. सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला, तो उगीच केलेला नाही. शिवाय ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंजिनिअर आहेत त्यांना मामा, मावसभाऊ, कॉलेजचा ग्रुप असा वारसा आयता मिळतो. माझे वडील पोस्टात होते. घरातून अमेरिकेत आलेला पहिला माणूस मीच. माझे 'नेटवर्क' मलाच विणायचे आहे आणि इथे आरक्षण नाही.

म्हणून मागणे म्हणजे लाचारी ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. भिक्खू भिकारी नसतो, हे आपण मुलांना शिकवतो. तो दारासमोर शांत उभा राहतो. कोणी दिले तर घेतो. नाही दिले तर मनात कडवटपणा न ठेवता पुढच्या दारी जातो. बाबासाहेबांचे अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण व्हावे म्हणून १९२० साली शाहू महाराजांनी आणि त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी मदत केली. बाबासाहेबांनी ती घेतली आणि लंडन गाठले. मदत घेतल्याने त्यांचा स्वाभिमान कमी झाला नाही. स्वाभिमान म्हणजे कोणाकडे काही न मागणे, असे मी इतकी वर्षे मानत होतो. आता मला वाटते, त्या स्वाभिमानात अहंकारच जास्त होता.

आता तिसरा प्रश्न: काय वाढवायचे नाही?

सातव्या महिन्यात एका कन्सल्टन्सीच्या माणसाचा फोन आला. मराठीच होता, गोड बोलत होता. म्हणाला, "सर, ऑटोमेशनचा आठ वर्षांचा अनुभव आपण रेझ्युमेवर टाकू. रेफरन्स आमचे. इंटरव्ह्यूला हवं तर आमचा माणूस पाठीमागून उत्तरं सांगेल. सगळेच करतात." मी लगेच नाही म्हणालो नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. कंपन्या तरी कुठे खरे बोलतात? आदल्या आठवड्यात "आपण एक कुटुंब आहोत" म्हणणारे दुसऱ्या आठवड्यात लॉगिन बंद करतात. ज्या व्यवस्थेने आपल्याला हजारो वर्षे फसवले, तिच्याशी खरे वागण्याचे बंधन मलाच का? हा शेवटचा युक्तिवाद मला सर्वांत जड गेला, कारण त्यात आपले दुःख खरे आहे.

पण तो पुढे नेला की फसतो. खोट्या अनुभवाने मी व्यवस्थेला फसवत नाही. त्याच जागेसाठी आठ वर्षे खरोखर ते काम केलेला कोणी अर्ज करून बसला आहे, मी त्याला फसवतो. तोही कोणाच्या तरी व्हिसाचे दिवस मोजत असेल, कदाचित आपल्याच विहारात माझ्या मागच्या रांगेत बसत असेल. इमिग्रेशनच्या कागदावर जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती उघड झाली तर या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते, हेही खरे आहे. पण केवळ भीतीपोटी पाळलेले शील भीती संपली की सुटते. मला थांबवले ते दुसऱ्या एका गोष्टीने. माझी मुलगी रविवारच्या धम्मवर्गात पंचशील अर्थासह म्हणायला शिकत होती आणि चौथे शील तिने मला समजावून सांगितले. बावीस प्रतिज्ञांमध्येही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. मी फोन करून नाही म्हटले.

इथे कोणी विचारेल, मग आडनाव विचारल्यावर विषय बदलणे हेही खोटेच नाही का? मला तसे वाटत नाही. ज्याला विचारण्याचा अधिकार नाही, त्याला उत्तर न देणे म्हणजे असत्य नव्हे. बडोद्यात कुठेच जागा मिळेना तेव्हा बाबासाहेब पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काही न लपवता लिहिली आहे. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जातीच्या भिंतीपुढे नाव झाकावे लागणे आणि दुसऱ्याच्या कष्टाची वर्षे आपल्या नावावर लावणे, या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. चौदा महिन्यांच्या खंडाबद्दल मात्र मला इंटरव्ह्यूत विचारले जाते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. तिथे मी सरळ सांगतो: लेऑफ झाला, शोधतो आहे, दरम्यान हे शिकलो.

सम्यक आजीविकेचाही प्रश्न आला. एका परिचिताने त्यांच्या लिकर स्टोअरमध्ये काउंटर सांभाळायला बोलावले. पैसे बरे होते. मद्याचा व्यापार तथागतांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांपैकी एक आहे. मी मालक नसतो, नोकर असतो, हे खरे. तरी मी नको म्हटले आणि शनिवार-रविवार एका गोदामात पॅकिंगची पाळी घेतली. तुमच्यापैकी कोणी घरभाड्यासाठी वेगळा निर्णय घेतला असेल तर त्याला मी कमी लेखणार नाही. माझ्या घरात दुसरा पगार होता आणि हे शील पाळणे मला तितके महाग पडले नाही, हे मी विसरू नये. गोदामाच्या पाळीबद्दल एवढेच सांगतो: खोकी उचलताना मला कधी लाज वाटली नाही. ओळखीचे कोणी दिसेल का, या विचाराने मात्र वाटली. म्हणजे ती लाज कामाची नव्हती.

शेवटचा मुद्दा मात्रेचा. सोण कोळिविस हा भिक्खू पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करत राहिला, तरी त्याला साध्य होईना; घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला वीणेच्याच तारांबद्दल विचारले: फार ताणली तर नीट वाजते का? फार सैल सोडली तर? सोण उमगला. त्याला प्रयत्न सोडायला सांगितले नव्हते, सूर लावायला सांगितले होते.

मी माझी तार अशी लावली आहे. सकाळी वीस मिनिटे आनापानसती. नऊ ते एक शोध, पण दिवसाला दोनच अर्ज, त्या त्या जागेसाठी नव्याने लिहिलेले, आणि एका माणसाला नाव घेऊन निरोप. दोन ते चार ऑटोमेशनचा अभ्यास. चारला मुलीच्या शाळेची बस येते. त्यानंतर मेल उघडायचा नाही. रात्री दोन वाजता तर नाहीच. पहिल्या आठवड्यात हे आळशीपणासारखे वाटले. आता तसे वाटत नाही.

मागच्या महिन्यात आपल्या संघातल्या एका ताईंच्या मुलीने माझा सरावाचा इंटरव्ह्यू घेतला. ती स्वतः कंपनीत माणसे निवडते. पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली, "काका, तुम्ही प्रत्येक उत्तरात 'आम्ही केलं' म्हणता. तुम्ही स्वतः काय केलंत ते त्यांना कळतच नाही." सहा वेळा मी अखेरच्या फेरीत का पडलो, याचे थोडे तरी उत्तर मला त्या पंधरा मिनिटांत मिळाले. ४१२ अर्जांनी ते सांगितले नव्हते.

म्हणून नोकरीत असलेल्या बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. "झालं का काही?" असे विचारू नका. "कोणत्या कामाच्या शोधात आहात? मी कोणाशी बोलू?" असे विचारा. वर्षातून एका माणसाचा रेझ्युमे नीट वाचा, अर्धा तास त्याचा इंटरव्ह्यू घ्या, तुमच्या कंपनीत जागा निघाली तर विहाराच्या ग्रुपवर टाका. दान म्हणजे फक्त भोजनदान नव्हे. पंचसालाच्या लोकांनी तथागतांचा अपमान केला नव्हता. त्यांचे लक्ष सणाकडे होते, एवढेच. आपल्या समारंभांतही तसे होऊ नये.

आणि जे शोधात आहेत त्यांना सांगतो: कोपऱ्यात उभे राहू नका. पुढच्या वंदनेनंतर मी उठून दोन वाक्यांत सांगणार आहे, मला काय येते आणि मला काय हवे आहे. तुम्हीही उठा. कदाचित त्या दिवशी कोणाकडे द्यायला काही नसेल. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पात्र धुऊन पुढच्या दारी जायचेच आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.